शुगर लँडच्या परसात पर्पल मार्टिन: प्रकल्प नोंदी, २०२२ ते २०२५

ठिकाण: शुगर लँड, टेक्सस. घरामागे लहानसं परस, कुंपणापलीकडे पावसाचं पाणी साठवण्याचं तळं. काम: पर्पल मार्टिन या पक्ष्यासाठी खांबावर टांगलेली घरं, म्हणजे पोकळ भोपळे. दक्षिणेकडच्या राज्यांत राहणाऱ्या आणि हेच करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहिते आहे. उत्तरेकडे राहत असाल तर तारखा महिना-दोन महिने पुढे ढकला, काम तेच राहील.

३० जुलै २०२२

काल संध्याकाळी स्टॅफर्डला खरेदीच्या संकुलात गेलो होतो. वाहनतळावरच्या झाडांवर हजारो मार्टिन उतरत होते. भिंगरीच्या कुळातला उत्तर अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा पक्षी. पिल्लं उडाली की जुलै-ऑगस्टमध्ये ते असे रात्रीच्या मुक्कामाला एकत्र जमतात आणि मग ब्राझीलकडे निघतात.

पलीकडच्या गल्लीत एका आजोबांच्या अंगणात पांढऱ्या भोपळ्यांचा खांब आहे. आज त्यांच्याकडे जाऊन विचारलं. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांतच अंडी घालतो. चॉक्टॉ आणि चिकसॉ लोक वस्तीजवळ पोकळ भोपळे टांगायचे, तेव्हापासूनची ही सोबत. आजोबांची वसाहत पूर्वी भरलेली असायची. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फाच्या वादळात लवकर पोचलेले पक्षी उपाशी मेले. थंडीत किडे उडत नाहीत आणि मार्टिन तर उडते किडेच खातो. काही पक्षी भोपळ्यांतच एकमेकांना बिलगून मेलेले सापडले, असं सांगताना त्यांना पुढे बोलवेना. त्यांच्याकडचे निम्मे भोपळे अजून रिकामे आहेत.

मी आपल्या परसात खांब उभारायचं ठरवलं.

सप्टेंबर २०२२

सोसायटीची परवानगी मिळाली, पण खांब रस्त्यावरून दिसता कामा नये या अटीवर. म्हणून जागा मागच्या कोपऱ्यात, ओक वृक्षाच्या बाजूला. आजोबांनी मान हलवली होती, झाड जवळ आहे म्हणाले होते. मला वाटलं, पंचवीस फूट पुरेत.

नोव्हेंबर २०२२

खणण्याआधी ८११ ला फोन करा. फुकट आहे. दोन-तीन दिवसांत माणसं येऊन गॅसच्या नळ्या, वीज आणि इंटरनेटच्या तारा कुठून जातात तिथे रंगाच्या खुणा करून जातात. आमच्याकडे इंटरनेटची तार मी आखलेल्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर निघाली.

इथली माती काळी, चिकण. वरचा थर ओला असताना फावड्याला चिकटते, खाली पहारच लागते. अडीच फूट खड्डा, चार पोती काँक्रीट, मधे खांबाचं बूड बसवायला नळी. ओळंबा लावून सरळ केलं.

खर्च: विंचने (दोरी गुंडाळणाऱ्या हातचाकाने) वर-खाली होणारा अ‍ॅल्युमिनियमचा खांब आणि बारा भोपळ्यांची चौकट, साधारण साडेपाचशे डॉलर. प्लॅस्टिकचे आठ भोपळे वेगळे, दीडशेच्या वर. स्वस्तातला खांब, ज्यावर शिडी लावून चढावं लागतं, तो घेऊ नका. दर आठवड्याला घरं उतरवून बघायची असतात. उतरवणं अवघड असेल तर हळूहळू आपण बघणंच सोडतो.

१ फेब्रुवारी २०२३

भोपळे चढवले, बारा ते चौदा फुटांवर. आजोबांकडे पहिला नर परवाच आला. पूर्ण वाढलेला नर उन्हात निळसर-जांभळा चकाकतो, एरवी काळाच दिसतो.

२० मार्च २०२३

आठपैकी चार भोपळ्यांत चिमण्या.

आज जागतिक चिमणी दिवस. तो सुरू केला नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी. माझ्या भावाने पुण्यात गॅलरीत चिमण्यांसाठी खोकं लावलंय, त्याचा फोटो सकाळीच आला. त्याच दिवशी मी चौकट खाली घेऊन चिमणीचं घरटं बाहेर काढत होते. गवत, पिसं, एक प्लॅस्टिकची दोरी. हात थांबला.

हे इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी प्रत्येकाला हेच सगळ्यात जड जाणार आहे. चिमणी तीच, आपल्या अंगणातली. पण इथे ती मूळची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रुकलिनमध्ये आणून सोडली, तिथून देशभर पसरली. चिमणा मार्टिनच्या घरट्यात शिरून अंडी फोडतो, पिल्लांना टोचून मारतो, कधी उबवणाऱ्या मादीलाही. मार्टिन अंगाने मोठा असला तरी त्याची चोच उडते किडे पकडायची, भांडायची नव्हे. आणि भोपळ्याचं तोंड कितीही लहान केलं तरी चिमणीला रोखता येत नाही, कारण जिथून मार्टिन जाईल तिथून चिमणी सहज जाते. चंद्रकोरीच्या आकाराचं तोंड फक्त स्टार्लिंगला अडवतं. तोही पक्षी बाहेरचाच, १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेला.

चिमण्या आणि स्टार्लिंग यांना इथल्या कायद्याचं संरक्षण नाही, मार्टिनला १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं आहे. म्हणजे चिमणीचं घरटं काढता येतं, मार्टिनचं अंड्यांसकट काढता येत नाही.

घरटी काढली. दोन दिवसांत पुन्हा बांधली. पुन्हा काढली. घरटं मोडलेला नर चिडून शेजारच्या भोपळ्यात घुसतो, हे आजोबांनी सांगितलं तेव्हा नुसतं काढत राहण्याचा मार्ग बंद करावा लागला.

एप्रिल २०२३

ठरवलं ते असं. भोपळे एक फेब्रुवारीला उघडे टांगणं चुकीचं होतं. जुने पक्षी आपल्या गेल्या वर्षीच्या जागीच परततात, नव्या जागेकडे ढुंकून बघत नाहीत. नव्या जागी येतात ते गेल्या वर्षी जन्मलेले तरुण पक्षी आणि ते मोठ्यांच्या चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही मागून पोचतात. मधल्या काळात उघडं घर म्हणजे चिमण्यांना आमंत्रण. पुढच्या वर्षी तोंडं बंद ठेवून मार्चच्या मध्याला उघडायची.

परसातलं पक्ष्यांचं खाद्य बंद केलं. बाजरीवजा दाणे आणि पावाचे तुकडे चिमण्यांनाच बोलावतात. जमून बसलेल्या चिमण्यांसाठी आजोबांनी त्यांचा पिंजरा लावला. पकडलेल्या चिमण्या ते जखमी शिकारी पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्राला देतात. ते काम माझ्याने झालं नाही, त्यांनी केलं. अंडी असलेल्या एका घरट्यात मी अंड्यांना मक्याचं तेल लावलं. मादी बसून राहते, अंडी उबत नाहीत आणि नर दुसरीकडे धुमाकूळ घालत नाही.

माझं मत आता पक्कं आहे. चिमण्यांचा बंदोबस्त करणं जमणार नसेल तर मार्टिनचं घर उभारूच नका. आपण बोलावलेला पक्षी आपल्याच घरात मारला जाईल.

मे २०२३

तरुण पक्षी आले. नराची छाती करडी, त्यावर मधेच गडद पिसांचे ठिपके. नराच्या पहाटेच्या गाण्याची ध्वनिफीत लावत होते, उजाडण्याआधी तासभर. ती ऐकून येतात, घिरट्या घालतात, किलबिलतात आणि बसत नाहीत. खांबाकडे खाली येता येता ओकच्या बाजूला वळले की लगेच वर जातात.

आजोबा खुर्ची टाकून तासभर बघत बसले आणि म्हणाले, झाड. त्या झाडात कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी बसू शकतो, हे या पक्ष्यांना कळतं. झाडापासून निदान चाळीस फूट मोकळं लागतं, चहूबाजूंनी उडून यायला वाट लागते. मात्र माणसाच्या घरापासून फार लांबही चालत नाही, शंभर-सव्वाशे फुटांच्या आत हवं. माणसं ये-जा करतात तिथे ससाणे-घुबडं कमी फिरकतात.

जूनअखेर चौकट रिकामी उतरवली. एक हंगाम पूर्ण वाया.

ऑगस्ट २०२३

पाऊस नाही. जमीन भेगाळली आहे. काळी माती आकसते तशी काँक्रीटची गठडी एका बाजूला कलली. ओळंबा लावला तर खांब वरच्या टोकाला चांगला वीतभर बाहेर. खांब कलला की विंचची दोरी घासते.

तसंही हलवायचंच होतं. सोसायटीला नवा अर्ज केला, सोबत अंतरं लिहिलेला नकाशा आणि आजोबांच्या वसाहतीचे फोटो. तळ्याकडच्या मोकळ्या बाजूला परवानगी मिळाली. पहिल्या अर्जातच हे जोडायला हवं होतं, असं समितीतल्या बाईंनी सांगितलं.

नोव्हेंबर २०२३

नवी जागा: ओकपासून साठ फूट, घरापासून सत्तर. खड्डा यंदा साडेतीन फूट, तळाशी खडीचा थर, मग काँक्रीट. भेगा पडतात त्या थराच्या खाली बूड गेलं पाहिजे. गावाकडे काळ्या रानात बांधकाम करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. जुनी गठडी फोडून काढायला माणूस लावला, शंभर डॉलर.

जानेवारी २०२४

उन्हाळ्यात कुंपणावर भोपळ्याचे वेल चढवले होते. जात दुधीचीच, फक्त फळ गोल पोटाचं, लांब मानेचं, कडू, जाड सालीचं. ऑक्टोबरमध्ये देठासकट काढून गॅरेजमध्ये टांगले. सालीवर बुरशी येते, काळे-पांढरे डाग पडतात. हे ठीक आहे, फेकू नका. हाताला मऊ लागेल तो मात्र कुजलाय.

डिसेंबरमध्ये बाबा आले. ते मिरजेचे. तंबोऱ्यासाठी मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे भोपळे मिरजेत वाळताना, निवडले जाताना त्यांनी लहानपणापासून पाहिलेत. वाजवून बघितलं, वजन बघितलं, कानाशी हलवलं. आत बिया खुळखुळल्या तो वाळला. सालीची जाडी बघायला देठाकडे बारीक भोक पाडलं. पाव इंचाहून पातळ असलेले त्यांनी बाजूला काढले. डझनभरातले चार उरले. "बाकीचे दोन वर्षांत फुटतील, उगाच पक्ष्यांना त्रास नको," म्हणाले.

कृती: तारेच्या घासणीने धुऊन साल स्वच्छ. पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर तोंड, म्हणजे ते समोर बघतं, आभाळाकडे नाही. गोल तोंड सव्वादोन इंचांना थोडं कमी. तळाला पाणी निघायला पाच-सहा भोकं. मानेत आरपार भोक, तांब्याची तार. पाच गॅलन कोमट पाण्यात एक पौंड मोरचूद विरघळवून पंधरा मिनिटं बुडवले, म्हणजे कुजत नाहीत. मोरचुदाला हातमोजे घाला, पाणी तळ्याकडे किंवा गवतावर ओतू नका. वाळल्यावर पांढरा रंग, दोन हात. पांढऱ्याने आतलं तापमान कमी राहतं आणि इथे मे महिन्यातच ते लागतं.

गोल तोंडांवर चंद्रकोरी पट्ट्या बसवल्या, नाहीतर स्टार्लिंग घुसले असते.

महिन्याच्या मध्याला दोन रात्री पाणी गोठलं. सगळी घरं बंदच आहेत.

१५ मार्च २०२४

तोंडं उघडली. आत मूठभर पाइनची वाळकी पानं. बारा घरं, क्रमांक घातलेले. वहीत बारा रकाने. खांबाला दोन संरक्षणं: आठ इंच व्यासाचा पत्र्याचा नळकांडा रॅकूनला (झाडावर चढणारा प्राणी) अडवायला आणि त्याखाली सैल गुंडाळलेली बागेची जाळी सापाला अडवायला. दोन्हींचे मिळून सत्तर डॉलर.

चिमण्यांची घरटी: एक. काढलं, पुन्हा बांधलं नाही.

९ एप्रिल २०२४

सात क्रमांकात जोडपं शिरलं. तरुण नर, करड्या छातीचा. मादी आधी तोंडाशी बसून बराच वेळ आत बघत राहिली, मग आत गेली. बाबा खिडकीतून बघत होते, मला हाक मारायचंही विसरले.

मे २०२४

४ मे: सात क्रमांकात पहिलं अंडं, शुभ्र पांढरं. रोज एक याप्रमाणे पाच. घरटं चिखल आणि काड्यांचं, वर हिरवी पानं अंथरलेली. अंडी फक्त मादी उबवते.

उकडलेल्या अंड्यांची टरफलं भाजून, चुरून ताटलीत ठेवते. कॅल्शियमसाठी मार्टिन ती उचलतात.

१६ मे: संध्याकाळी शेजारच्या हूस्टनवर वादळ, शहराच्या मध्यावर गगनचुंबी इमारतींच्या काचा फुटल्या. आमच्याकडे वारा कमी होता, तरी चौकट घाईने अर्ध्यावर आणली. अंडी शाबूत. टांगलेले भोपळे फार हेलकावतात हे तेव्हा दिसलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोपळ्याला आडवी सळई लावून झोके थांबवले. कमी पैशांचं काम, पहिल्या दिवशीच करा.

२४ मे: सातमध्ये पिल्लं. त्याच दिवशी अकरा क्रमांकात, बाबांनी निवडलेल्या भोपळ्यात, दुसऱ्या जोडप्याचं पहिलं अंडं.

५ जून २०२४

सातमधलं सगळ्यात धाकटं पिल्लू मेलेलं आढळलं, अंगावर लाल मुंग्या. पावसानंतर वारुळं वर आली होती आणि पत्र्याचा नळकांडा मुंग्यांना अडवत नाही. घरटं पूर्ण बदललं: उरलेली चार पिल्लं टोपलीत, जुनं घरटं बाहेर, नवीन पाइनची पानं, पिल्लं परत. आईबाप वरच घोंघावत होते, चौकट चढवल्यावर काही मिनिटांत चारा घेऊन आले. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लं टाकतात ही समजूत मार्टिनला लागू होत नाही.

खांबावर हातभर पट्टा ग्रीसचा, बुडाशी मुंग्यांचं दाणेदार औषध. आता दर आठवड्याला ग्रीस बघते, धूळ बसली की निरुपयोगी.

१४ जून २०२४

जाळीत रॅट स्नेक अडकला, चार फुटी. बिनविषारी, पण खांब चढण्यात पटाईत. आजोबांनी कात्रीने जाळी कापून त्याला तळ्याच्या पलीकडे सोडलं. जाळी सकाळ-संध्याकाळ बघायची, उन्हात अडकून तो मरता कामा नये.

अकरामध्ये काल अंड्यांतून चार पिल्लं बाहेर आली. (नंतर लिहिलेलं: सातमधली चार २१-२२ जूनला उडाली.)

पिल्लांच्या तोंडात जातात ते किडे बहुतेक चतुर. शेजारच्या बाईंनी विचारलं, डास कमी झाले का? नाही. मार्टिन उंचावर, दिवसा खातो आणि डास त्याच्या खाण्यात नगण्य असतात. रोज दोन हजार डास खातो अशी जाहिरात साठच्या दशकात घरं विकण्यासाठी झाली, ती अजून लोकांच्या तोंडी आहे. डासांसाठी हे करू नका, निराश व्हाल आणि खांब मग तसाच पडून राहील.

७ जुलै २०२४, रात्री

बेरिल वादळ पहाटे किनाऱ्यावर येणार. अकरामधली पिल्लं २४ दिवसांची. बावीस दिवसांनंतर घर उतरवत नाहीत, घाबरून पिल्लं उडी मारतात आणि उडता येत नसल्याने जमिनीवर पडतात. वर ठेवावं तर खांब टिकेल याची खात्री नाही.

आजोबांना फोन केला. ते म्हणाले, अंधार पडू दे.

साडेनऊला, दिवे न लावता, विंच अगदी हळू फिरवली. भोपळा हाताशी येताच मऊ जाळीचा बोळा त्याच्या तोंडात बसवला, हवा जाईल असा. मादी आतच होती. चौकट जमिनीपासून तीन फुटांवर आणून चारी बाजूंनी दोरांनी खुंट्यांना बांधली. कुंपणाचा आडोसा आहे.

८ जुलै २०२४

सकाळभर वारा. कुंपणाच्या तीन फळ्या गेल्या, ओकची मोठी फांदी पडली, नेमकी खांबाच्या जुन्या जागेवर. वीज गेली, हूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त घरांची. दुपारी वारा बसल्यावर चौकट आधी वर नेली, अर्ध्यावर असताना काठीने बोळा ओढला. मादी बाणासारखी बाहेर. तासाभराने चारा घेऊन परत. चार तोंडं दिसली.

नर संध्याकाळपर्यंत दिसला नाही. मग दिसला.

१२ जुलै ते ऑगस्ट २०२४

१२ जुलैला अकरामधली तीन उडाली. चौथं दुसऱ्या दिवशी. हंगामाची बेरीज: दोन जोडपी, नऊ पिल्लं जन्मली, आठ उडाली.

ऑगस्टमध्ये सगळी घरं उतरवून धुतली, पाण्यात थोडं ब्लीच. बाबांच्या भोपळ्यांपैकी एकाला चीर गेली आहे. ते परत गेलेत, फोनवर दाखवली तर लाकडाचा भुसा आणि गोंद भरून वरून रंग द्यायला सांगितलं.

१६ फेब्रुवारी २०२५

जानेवारीत इथे बर्फ पडलं. या वर्षी जुने पक्षी परतण्याची शक्यता होती म्हणून फक्त सात आणि अकरा महिन्याच्या सुरुवातीला उघडले, बाकी बंद. आज सकाळी पूर्ण गडद निळा नर थेट येऊन सातमध्ये शिरला. घिरट्या नाहीत, आत डोकावणं नाही. पायात कडं नाही, तेव्हा तोच असं सिद्ध करता येणार नाही. पण नवखा पक्षी असा शिरत नाही.

थंडीची लाट आली तर फ्रीजरमध्ये रातकिडे आणून ठेवलेत. तापमान दोन-तीन दिवस पन्नास अंश फॅरनहाइटच्या खाली राहिलं तर ते चमच्याने हवेत उडवायचे असतात, पक्षी उडता उडता पकडतात. २०२१ नंतर आजोबा हे दर वर्षी तयार ठेवतात.

२७ एप्रिल २०२५

पाच घरांत हिरवी पानं. आजोबांकडेही यंदा जास्त जोडपी आहेत. उंच हात करून विंच फिरवणं त्यांना आता जमत नाही, म्हणून शनिवारी त्यांची चौकटही मीच उतरवते, वही त्यांच्याच हातात असते.

आतापर्यंतचा खर्च हजार डॉलरच्या थोडा वर, त्यातला मोठा वाटा पहिल्या वर्षी आणि जागा बदलण्यात गेला. राहिलेली कामं: ग्रीसचा पट्टा नवीन, तीन क्रमांकाची पट्टी सैल झाली आहे ती बदलणं आणि कुंपणावर या वर्षीचं बी लावणं.